तणसाचा बोळा

आमचं गाव उतारावर आहे. वरच्या अंगाला तलाव, तलावाच्या बाजूनं वरचा मोहल्ला, मग शाळा, पंचायतीचं ऑफिस, आणि सगळ्यात खाली आमचा बौद्ध मोहल्ला. आमच्याखाली फक्त नाला. वरच्या मोहल्ल्यात कुणाकडं पाहुणे आले, कुणाकडं बारसं झालं, हे आम्हाला निमंत्रणाआधी नालीवरून कळायचं. भांड्यांचं पाणी, धुण्याचं पाणी, न्हाणीचं पाणी, सगळं वाहत आमच्या दारावरून जायचं, आणि नालीच्या कडेला आमची विहीर होती.

ही विहीर बाबांनी स्वतः खोदलेली. आई मला पोटात घेऊन वरच्या विहिरीवर जायची आणि पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, खाली ठेवून उभी राहायची, कुणाला दया येऊन वरून पाणी ओतलं तर भरून आणायची. एक दिवस दुपार टळली तरी कुणी ओतलं नाही आणि ती रिकामा गुंड घेऊन परत आली. बाबांनी तेव्हा तिला सांगितलं, यापुढं त्या वाटेनं जायचं नाही. आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहिले. दोन उन्हाळे खोदत होते. पाणी लागलं तेव्हा मी रांगत होते म्हणे. पुढं ती विहीर सगळ्या मोहल्ल्याची झाली. मोहल्ल्यातल्या कुठल्याच बाईला नंतर त्या वाटेनं गुंड घेऊन जावं लागलं नाही.

गंमत पाहा, वरच्या विहिरीचा दोर आमच्या घराला चालत नव्हता, पण तलावाचं दार बाबांच्याच हातात होतं. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, खाली पाणी सोडायचं एक भोक असतं, त्याला आमच्याकडं तुडुम म्हणतात. कोणत्या दिवशी तुडुम उघडायचं ते गाव ठरवायचं, उघडायचे आणि बुजवायचे मात्र बाबा. लाकडाचा गुट्टा नुसता ठोकला तर पाणी झिरपतं. म्हणून बाबा धानाचं तणस, म्हणजे पेंढा, ओलं करून त्याची दोरी वळायचे, ती गुट्ट्याला गुंडाळायचे, वरून चिकणमाती लिंपायचे आणि मग ठोकायचे. थेंब गळायचा नाही. बाबा डावरे. त्यामुळं त्यांच्या दोरीचा पीळ उलटा पडायचा. लहानपणी आम्ही ती उकलायला बसायचो आणि सवयीनं फिरवायला गेलो की ती आणखीच घट्ट व्हायची. चाळीस वर्षं त्यांनी ते काम केलं. उन्हाळ्यात पाणी गळताना दिसलं की जेवणावरून उठून जायचे.

पुढं वरच्या मोहल्ल्यात घरोघरी नळ आले. आमच्याकडंही आले, म्हणजे तोट्या आल्या. शाळेपर्यंत पाणी यायचं, तिथून पुढं हवा. तोटी उघडली की फुस्स करायची आणि आम्ही तिच्या तोंडाकडं पाहत बसायचो. पण वरच्यांना नळ आल्यावर त्यांचं सांडपाणी किती वाढलं ते काय सांगू! नाली भरून रस्त्यावर यायला लागली. विहिरीच्या जगतीला, म्हणजे कठड्याला, हिरवं शेवाळ धरलं. माझं डोकं तेव्हापासून फिरायला लागलं.

त्याच सुमारास मी राखीव जागेवरून पंचायतीत निवडून आले. सगळ्यांना वाटलं, बाई सही करेल, चहा पिईल आणि घरी जाईल. मी पहिल्याच बैठकीत सांडपाण्याचा विषय काढला. सरपंच म्हणाले पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीत म्हणाले पुढच्या. मग मी तालुक्याला, तुमसरला जायला लागले, तुमसरचे लोक म्हणाले भंडाऱ्याला जा. भंडाऱ्याला गेले तर साहेब दौऱ्यावर, साहेब आले तर बाबू रजेवर, दोघं आले तर कागद कमी. गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, जिल्हा लहान झाला, आता कामं भराभर होतील. जिल्हा लहान झाला खरा, फाईल तेवढीच राहिली. एसटीच्या खिडकीतून आंबागडचा किल्ला इतक्या वेळा पाहिला की त्या किल्ल्याचाही मला राग यायला लागला.

शेवटी मंजुरी आली. नाल्याच्या वरच्या बाजूला, आमच्या मोहल्ल्याच्या शेवटी, आमच्या विहिरीपासून थोड्याच अंतरावर जागा ठरली. तिला लागून वरच्या मोहल्ल्यातल्या एका सदस्याची बांधी होती, धानाचं खाचर. तो बैठकीत एकटाच आडवा आला, म्हणाला वास येईल, डास होतील, माझ्या बांधीत घाण उतरेल. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, की आजवर आमच्या विहिरीशी उतरली तेव्हा तुम्हाला वास आला नाही का.  तेव्हापासून आमचं दोघांचं जमत नव्हतं.

काम झालं, पण कसं झालं ते विचारू नका. नालीच्या तोंडाशी जाळी, मग दोन खणांची टाकी, मग गिट्टीनं भरलेलं लांबट वाफ्यासारखं डबकं, त्यात कर्दळी लावलेल्या. टाकीत गाळ बसायचा, गिट्टीतून आणि कर्दळीच्या मुळांतून पाणी हळूहळू गाळून निघायचं आणि शेवटच्या पाईपानं नाल्यात जायचं. गिट्टीच्या खाली जाड प्लास्टिक अंथरायचं ठरलं होतं, पाणी जमिनीत मुरू नये म्हणून. ठेकेदाराचं प्लास्टिक अर्ध्यातच संपलं. मी भांडले. तो म्हणाला, बाई, पाणी थांबणारच नाही तर मुरेल कशाला. इंजिनिअर नवा होता, पोरसवदा, त्याचंही त्याच्यापुढं चाललं नाही. पण त्यानं मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. जाळी रोज साफ करायची, आणि शेवटचं तोंड कधीही बंद होऊ द्यायचं नाही. पाणी चालतं राहिलं तरच ते साफ होतं, थांबलं की सडतं. मी मोहल्ल्यातल्या एकूण एक बाईला हे सांगितलं. बाबांना सांगितलं नाही. ते घरातलेच, त्यांना काय वेगळं सांगायचं?

महिनाभरानं शेवटच्या पाईपातून खरंच नितळ पाणी यायला लागलं. मी काचेच्या बाटलीत भरून घरी आणलं. आई असती तर तिला दाखवलं असतं. बाबांना दाखवलं. त्यांनी बाटली उजेडाकडं धरून फिरवून पाहिली, नाकाशी नेली. हे पाणी जातं कुठं, म्हणाले. मी म्हटलं नाल्यात. आणि नाल्यातून? नदीत, म्हटलं, आणखी कुठं जाणार.  बाटली त्यांनी खिडकीत ठेवून दिली, आणि मी आपली माझ्याच फुशारकीत होते.

तो उन्हाळा वाईट गेला. तलावाच्या तळाला भेगा पडल्या. आमच्या विहिरीत बकेट तळाला आपटायची. बायका पाळीपाळीनं यायच्या, दोन बकेटी काढायच्या आणि झरा भरायची वाट पाहत जगतीवर बसायच्या. कुणीतरी म्हणालं, शाळेपाशी नळ येतो तिथून आणू. बाबा तिथंच बसले होते. ते एकदम म्हणाले, काही जायचं नाही कुठं, विहीर भरेल. म्हाताऱ्याला काय कळतं म्हणून बायका हसल्या.

आणि विहीर भरली. वैशाखाच्या ऐन उन्हात चार दिवसांत हातभर पाणी चढलं, आठवड्यात पुरुषभर. मोहल्ला खुश. मी तर पंचायतीत जाऊन सांगून आले की पाहा, नालीचं पाणी टाकीत गेलं, घाण बाजूला झाली, तर जमिनीनंही पाणी दिलं. काय बोलून गेले मी! 

दहा-बारा दिवसांत पाण्याला वास यायला लागला. आधी मला वाटलं उन्हानं असेल. मग वर तवंग दिसला. मग आमच्या दारासमोरच्या नालीतलं पाणी उतारावर असूनही जागच्या जागी उभं राहिलं, आणि मोहल्ल्यातल्या लेकरांची पोटं बिघडली. आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर औषधाच्या पुड्या वाटत फिरली. तिनं विहिरीच्या पाण्याचा नमुना पाठवला. त्याचं उत्तर आलं: पिण्यास अयोग्य.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. इंजिनिअरला फोन लावला, तो म्हणाला, ताई, आधी शेवटचं तोंड पाहा, तेच बंद असणार. बस, मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. ते तोंड कुणाच्या बांधीला लागून होतं? वास येईल म्हणून कोण ओरडत होतं? मी तशीच पंचायतीत गेले. सरपंच होते, शिपाई होता, दहा-पंधरा माणसं कागद घेऊन बसली होती, आणि तो सदस्यही होता. मी त्याला नको नको ते बोलले. आमच्या लेकरांच्या जिवावर उठला म्हणाले. पिढ्यान् पिढ्या पाणी दिलं नाही, आता आमचं आम्ही खोदलेलं तेही नासवलं म्हणाले.  माझं बोलणं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "ताई, मी कायले बुजवीन? चला, पाहून घेऊ."

आम्ही चौघं गेलो. गिट्टी पूर्ण बुडाली होती, कर्दळी पिवळ्या पडल्या होत्या. शेवटचा पाईप बेशरमाच्या झुडपात झाकलेला. शिपायानं झुडूप तोडलं, हात घातला, हालेना. सब्बल घातली. दोन-तीन हिसक्यांनी बोळा बाहेर आला आणि मागून काळं पाणी असं उसळलं की आम्ही सगळे मागं सरलो. वासानं सरपंच तोंडाला रुमाल लावून बांधावर जाऊन उभे राहिले.

बोळा माझ्या पायाशी पडला होता. लाकडाचा गुट्टा, त्यावर तणसाची दोरी, वरून चिकणमाती. माती पाण्यानं धुऊन निघाली आणि दोरी दिसली. पीळ उलटा होता.

 मी वर पाहिलं, तर तो सदस्यही त्या बोळ्याकडंच पाहत होता. त्याच्या बांधीला चाळीस वर्षं त्याच हातानं पाणी दिलं होतं. तो हात त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला? पण त्यानं नजर नाल्याकडं वळवली.  शिपाई म्हणाला, कुण्या बदमाशाचं काम आहे. मी पायानं तो बोळा झुडपात ढकलला. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी दहा माणसांत ज्याला मी खुनी ठरवलं होतं, त्याच्यासमोर ढकलला, आणि घराकडं चालू लागले.

बाबा अंगणात बसून झाडू बांधत होते. मी विचारलं, "नाल्याकडचं तोंड तुमी बुजवलं?"

त्यांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलं असं त्यांना वाटतच नव्हतं.

"हो. वैशाखात पानी वाया जाऊन राहिलं होतं, बाई. मले पाहवलं नाई. तलाव अडवला का खालच्या विहिरी भरते. भरली ना आपली?"

मग मी जे ओरडले ते सगळं इथं लिहिणं मला जमणार नाही. ते नालीचं पाणी आहे, तलावाचं नाही, चालतं राहिलं तर साफ, थांबलं तर घाण, तेच मुरून विहिरीत उतरलं, लेकरं आजारी पडली, वर्षानुवर्षं मी उंबरे झिजवले, तुम्ही एका दिवसात मातीत घातलं. ते ऐकत होते. मधेच म्हणाले, तूच तर बाटली दाखवली होती, साफ आहे म्हणून. मी आणखी मोठ्यानं ओरडले. खरं सांगते, मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला होता? त्यांचं चुकलं नव्हतं याचा. आयुष्यभर जे बरोबर होतं तेच त्यांनी केलं होतं. ज्यांनी अर्ध्यात प्लास्टिक संपवलं ते मोकळे, ज्यांनी नळाला पाणी दिलं नाही ते मोकळे, आणि मी ओरडत होते कुणावर, तर ऐंशीच्या घरातल्या माझ्या बापावर.

पुढच्या ग्रामसभेत विषय आलाच. सचिवांनी ठराव लिहायला घेतला, की अज्ञात इसमाने सांडपाण्याचा निचरा बंद केल्यामुळे. मी मान खाली घालून बसले होते. तो सदस्य माझ्यासमोरच होता. मी उठायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, निदान तो शब्द खोडायला सांगायला हवा होता. पण पदर सारखा करत बसले. मनात हिशेब चालला होता की मोहल्ल्याचं नाव खराब होईल, उद्या दुसरं काही मागायला तोंड राहणार नाही. असे हिशेब वरचे लोक करतात म्हणून मी त्यांना आजवर शिव्या घातल्या होत्या.

बाबा मागं दाराशी बसले होते. काठी टेकत उठले.

"अज्ञात काहून लिहिता? माहं नाव लिहा. पानी मी अडवलं."

 सचिव सरपंचांकडं पाहायला लागले. तेव्हा तो सदस्य उठला आणि म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचं नाव कागदावर कशाला, चुकून झालं असं लिहा. तसंच लिहिलं गेलं. बाहेर पडताना मी त्याला गाठलं, त्याच्या सायकलीपाशी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, राहू द्या ताई, आणि सायकल काढून निघून गेला. अजूनही रस्त्यात भेटला की मी आधी नमस्कार करते. तो करतोच. पण ते दहा माणसांतलं बोलणं मला परत घेता आलं नाही ते नाहीच.

विहीर आम्ही उपसली. पंप लावून तीनदा उपसली, गाळ काढला, पावडर टाकली. आशाताईनं पुन्हा नमुना पाठवला. पिण्यास अयोग्य. पावसाळा जाऊ दिला, पुन्हा पाठवला. तेच. इंजिनिअर म्हणाला गिट्टी पूर्ण काढून खाली प्लास्टिक घातल्याशिवाय भरवसा नाही. मी नव्यानं अर्ज केला. तो तुमसरला आहे, की भंडाऱ्याला आहे, की कुणाच्या खुर्चीखाली आहे, मला माहीत नाही. अर्धं प्लास्टिक आजही तसंच आहे. दर महिन्याला मी विचारते आणि दर महिन्याला मला सांगतात की ताई, होऊन राहिलं.

विहिरीवर सूचना लिहायचं पंचायतीनं माझ्यावरच टाकलं. वॉर्ड माझा, विहीरही माझ्याच घरची. एका सकाळी मी लाल रंगाचा डबा घेऊन जगतीवर बसले आणि लिहिलं: हे पाणी पिण्यासाठी नाही. बाबा बाजूला उभे होते. चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, आणि पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा वाचलं. मग कप्पीवरचा दोर काढला, नीट गुंडाळला, बकेट उपडी ठेवली. घरात गेले आणि आईचा पितळेचा गुंड घेऊन बाहेर आले.

नळ तेव्हाही शाळेपाशीच येत होता. म्हणजे वरची वाट. आता तिथं कुणी कुणाला अडवत नाही, तोटी सगळ्यांची आहे. हे मलाही माहीत आणि त्यांनाही माहीत.  तरी मी ब्रश टाकला, रंगाच्या हातानंच त्यांच्यामागं धावले, म्हटलं, बाबा, द्या इकडं, मी आणते.

त्यांनी गुंड दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"तुह्या आईले म्या म्हटलं होतं, त्या वाटेनं जायचं नाई. तुले कसं जाऊ देऊ?"

आणि काठी टेकत, थांबत थांबत, चढ चढायला लागले.